शिसं माणसावर नको, पाइपावर घाला

शिशाचा एप्रन मी अठ्ठावीस वर्षं घातला. जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयात मी क्ष-किरण तंत्रज्ञ होते. सकाळी आल्या आल्या खुंटीवरचा एप्रन अंगात चढवायचा आणि दुपारी तो परत खुंटीवर टांगायचा. घडी मात्र कधीच घालायची नाही, कारण घडीच्या जागी आतल्या शिशाला तडा जातो आणि बाहेरून तो दिसत नाही. वर्षातून एकदा तो एप्रन मशिनखाली धरून पडद्यावर पाहायचा आणि कुठे उजेडाची रेघ दिसली तर तो बाद करायचा. पाच-सहा किलोंचं ते ओझं होतं. माझी कंबर त्याने धरली ती आजतागायत सुटलेली नाही, तरीही त्या एप्रनवर माझा पूर्ण विश्वास होता. तो विश्वास रास्तही होता, कारण ज्या कामासाठी तो बनवला होता ते काम तो चोख करत असे.

निवृत्तीच्या थोडं आधी छातीचा फोटो काढायला एक वेल्डर आला होता. पंचविशीचा मुलगा. एका अणुवीज केंद्रात शटडाऊनच्या, म्हणजे देखभालीसाठी अणुभट्टी बंद ठेवतात त्या काळातल्या, कामासाठी ठेकेदाराने घेतलेल्या टोळीतला. फोटो काढून झाला, तो शर्ट घालत होता, तेव्हा माझ्या एप्रनकडे बघून त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही घालता तसं जाकीट आम्हाला का नाही देत? तुमच्यापेक्षा आमच्याकडे जास्त असतं ना?"

मी म्हटलं, "द्यायलाच पाहिजे. मागा तुम्ही."

प्रश्न सरळ होता आणि मला माझं उत्तर न्याय्य वाटलं. मशिनच्या एका बटणाला घाबरून मी शिसं घालायचं आणि अणुभट्टीच्या पोटात शिरणाऱ्याने सुती डांगरी घालून जायचं, हे कोणाच्याही मनाला पटणार नाही. जगभर हीच मागणी अधूनमधून उठते. कामगारांना संरक्षक जाकिटं द्या, आता तंत्रज्ञान आहे, टंगस्टन आहे, मग अडतंय कुठे, असं विचारलं जातं. मीही तेच म्हणत असे. पुढे मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला, तेव्हा कळलं की त्या मुलाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. हा लेख म्हणजे त्याला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आहे.

आधी हिशेब. माझ्या एप्रनमध्ये अर्धा मिलिमीटर जाडीचं शिसं होतं. रुग्णाच्या अंगावरून विखुरून माझ्याकडे येणारे क्ष-किरण दुबळे असतात. शिशाच्या जड अणूंत ते अडकतात आणि तिथेच संपतात. शंभरातले नव्वदहून अधिक अर्ध्या मिलिमीटरातच अडतात. अणुवीज केंद्रात देखभालीचं काम करणाऱ्याला ज्यांना तोंड द्यावं लागतं ते मुख्यतः कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्याचे गॅमा किरण असतात. त्यांची ऊर्जा क्ष-किरणांच्या कित्येक पट. माझा एप्रन त्यांच्यासमोर धरला तर शंभरातले तीन-चार अडतील, बाकीचे जणू मध्ये काही नाहीच अशा थाटात आरपार जातील. सीझियम-१३७ असेल तर फार तर सहा अडतील. म्हणजे त्या वेल्डरला माझ्यासारखंच जाकीट दिलं असतं, तर त्याला ओझं मिळालं असतं आणि धीर मिळाला असता. संरक्षण जवळपास मिळालंच नसतं.

मग जाड करू या, असं कोणीही म्हणेल. कोबाल्टचे किरण निम्मे अडवायला सुमारे बारा मिलिमीटर शिसं लागतं. माणसाचं धड पुढून-मागून झाकायला अर्धा चौरस मीटर पत्रा धरा. त्याचं वजन भरतं अडुसष्ट किलो. सिमेंटची आख्खी गोणी, वर आणखी अठरा किलो. तीही किरण फक्त निम्मे करण्यासाठी, आणि डोकं, हात, पाय उघडेच ठेवून.

टंगस्टनची जादूही इथे चालत नाही. टंगस्टन शिशापेक्षा फार घन असतं, त्यामुळे जाकीट पातळ होतं, घालायला सुटसुटीत होतं, शिशाचं विषही त्यात नसतं. पण एवढ्या ऊर्जेच्या गॅमा किरणांना पदार्थ कोणता आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांच्या वाटेत एकूण वस्तुमान किती आलं, एवढंच महत्त्वाचं ठरतं. म्हणून जाडी घटली तरी वजन जवळपास तेवढंच राहतं. हलकं पण प्रभावी गॅमा-जाकीट ही केवळ पैशांची अडचण असती तर मी सरकारशी भांडले असते. इथे निसर्गाचाच नियम आडवा येतो.

आता समजा, मध्यम मार्ग काढला. वीस टक्के किरण अडवणारं, सुमारे बावीस किलोंचं जाकीट केलं. ते घालून तो मुलगा आत गेला. अंगात आधीच प्लास्टिकचा सूट, तोंडावर मास्क, हातात दोन-तीन थरांचे मोजे. कोकणपट्टीतल्या दमट हवेत, पाइपांच्या जंगलात, ओणवं होऊन वेल्डिंग करायचं. एका तासाच्या कामाला त्याला सव्वा तास लागला तर काय होईल? किरण वीस टक्के कमी झाले, वेळ पंचवीस टक्के वाढला, आणि गुणाकार केला की हिशेब जिथून सुरू झाला तिथेच येऊन थांबतो. घामाने निथळणारा माणूस एवढाच काय तो फरक. सव्वाऐवजी दीड तास लागला, तर जाकिटामुळे त्याने जास्त किरण घेतले असं म्हणावं लागेल. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर, २०११च्या उन्हाळ्यात, आवरणांखाली काम करणाऱ्या कामगारांना उष्माघात झाले होते. ज्यांना वाटतं की हा वेळेचा मुद्दा मी ओढूनताणून काढला आहे, त्यांनी एकदा बावीस किलो तांदूळ छातीशी बांधून शिडी चढून पाहावी.

आणि हा सगळा हिशेब बाहेरून येणाऱ्या किरणांचा झाला. शरीरात शिरलेल्या किरणोत्साराचं काय? आपल्या देशातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. जड पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होतं. ट्रिटियमचे बीटा किरण इतके दुबळे असतात की त्वचेचा वरचा मृत थरही त्यांना ओलांडता येत नाही. पण पाण्याच्या वाफेतून ट्रिटियम श्वासात गेलं, त्वचेतून झिरपलं किंवा पोटात गेलं, की ते शरीरातल्या पाण्यात मिसळतं आणि दिवसेंदिवस आतून मारा करत राहतं. नोव्हेंबर २००९मध्ये गोव्याच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या कैगा केंद्रात कोणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं. पन्नासच्या आसपास कामगारांच्या शरीरात ते गेलं. हे उघडकीला आलं ते लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. ती तपासणी नियमाने होत होती म्हणूनच ते लक्षात आलं. त्या दिवशी प्रत्येकाच्या अंगात मणभर टंगस्टन असतं तरी काय उपयोग होता?

फुकुशिमात सगळ्यात जास्त मात्रा घेतलेल्या कामगाराच्या नावावर ६७८ मिलिसिव्हर्ट नोंदले गेले (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या मात्रेचं माप). त्यातले सुमारे ५९० शरीराच्या आतून आलेले होते, मुख्यतः किरणोत्सारी आयोडीन श्वासातून गेल्यामुळे. बाहेरून आलेले जेमतेम ८८. त्या माणसाला वाचवू शकली असती ती तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि वेळेवर दिलेली आयोडीनची गोळी. त्याच केंद्रात २४ मार्च २०११ रोजी टर्बाइनच्या इमारतीच्या तळघरात केबल टाकायला गेलेले तिघे किरणोत्सारी पाण्यात उभे राहून काम करत होते. त्यांपैकी दोघांच्या पायांत आखूड बूट होते आणि पाणी बुटांत शिरलं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट! आपल्याकडे भात लावणीला जाणारा शेतकरीसुद्धा बाजारातून आणतो ती वस्तू. चेर्नोबिलच्या पहिल्या रात्री गेलेल्या अग्निशामकांची आणि कामगारांची कथाही तशीच. तीव्र किरणोत्सर्गाने पहिल्या काही महिन्यांत २८ जण दगावले, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत बीटा किरणांनी भाजलेली त्वचा हे मृत्यूचं एक मुख्य कारण ठरलं. ओले, किरणोत्सारी धुळीने भरलेले कपडे तासन् तास अंगावर राहिले होते. जलरोधक सूट आणि लगेच केलेली अंघोळ यांनी तिथे शिशापेक्षा जास्त काम केलं असतं.

चेर्नोबिलचीच दुसरी आठवण मला जास्त छळते. १९८६च्या सप्टेंबरात छपरावर पडलेले ग्राफाइटचे तुकडे खाली ढकलायला यंत्रं पाठवली, ती बंद पडली. मग तीन हजारांहून अधिक सैनिक पाठवले. मिळेल तिथून शिशाचे पत्रे काढून, कापून, दोऱ्याने बांधून त्यांनी छातीला आणि पाठीला लावले. पंचवीस-तीस किलोंचा तो साज घालून छपरावर धावायचं, फावडंभर उचलून टाकायचं आणि भोंगा झाला की परतायचं. प्रत्येकाचा वेळ सेकंदांत आणि मिनिटांत मोजलेला. शिशाने थोडंफार अडवलं असेल, नाही म्हणत नाही. पण त्यांचा जो काही बचाव झाला तो हातात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने केला. ते चित्र पाहून अनेकांच्या मनात शिशाचं जाकीट म्हणजे शौर्याचा पोशाख असं काहीतरी बसून गेलं आहे. मला त्या चित्रात दिसतं ते हे, की यंत्रं, नियोजन आणि तयारी सगळं संपलं, तेव्हा उरलेली शेवटची वस्तू म्हणजे माणसाच्या अंगावर बांधलेला पत्रा होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते मला जोर देऊन सांगायचं आहे: अणुवीज केंद्रातल्या रोजच्या कामासाठी जाकिटाची मागणी करणं म्हणजे कामगाराच्या बाजूने बोलत आहोत असं वाटत असतानाच केंद्राची जबाबदारी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवणं आहे. शिसं हवंच आहे, भरपूर हवं आहे, पण ते पाइपावर हवं.

हे कसं, ते जरा थांबून सांगते, कारण खरं काम इथेच आहे. अणुभट्टी बंद केल्यावरही पाइपांमधून जो किरणोत्सार येतो, त्याचा मोठा भाग आतल्या बाजूला बसलेल्या गाळाचा असतो. व्हॉल्व्हच्या घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर स्टेलाइट नावाचा कोबाल्टयुक्त, फार कठीण मिश्रधातू वापरतात. तो झिजतो, त्याचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर अणुभट्टीच्या गाभ्यातून फिरतात, न्यूट्रॉन शोषतात आणि साध्या कोबाल्टचं कोबाल्ट-६० होतं. मग तो कण एखाद्या वाकणात, वेल्डच्या खाचेत, आडव्या पाइपाच्या तळाशी जाऊन बसतो. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. म्हणजे व्हॉल्व्हच्या निवडीत आज केलेली काटकसर दहा वर्षांनी कुठल्यातरी फिटरच्या अंगातून आरपार जाते. कोबाल्ट नसलेले मिश्रधातू वापरले, पाण्याचं रसायन नीट राखलं, कामापूर्वी पाइप रसायनांनी धुऊन काढले, तर किरणोत्सार मुळातच घटतो. तो एका कामगारासाठी घटत नाही. त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकासाठी घटतो, आणि कोणाच्याही कमरेवर भार पडत नाही.

त्यानंतरही जो उरतो, त्याच्यावर शिशाची ब्लँकेटं टांगता येतात. पाइपावर ती थेट लादायची तर पाइपाला तो भार पेलवेल का, हे आधी इंजिनिअरने तपासावं लागतं, नाहीतर शेजारी सांगाडा उभारून त्याच्यावर लावायची. एकदा लावली की पुढच्या सगळ्या पाळ्यांना तीच पुरतात. सांगाडा भक्कम असेल तर शिशाच्या वजनाची अडचण नसते, एक थर पुरला नाही तर दोन लावा. माणसाला मात्र दुसरा थर लावता येत नाही. पाइप रिकामा करण्याऐवजी शक्य असेल तेव्हा पाण्याने भरलेला ठेवला तर ते पाणीच किरण अडवतं. लांब दांड्याचं हत्यार दिलं, तरी फरक पडतो. एका ठिपक्यासारख्या स्रोतापासून दुप्पट लांब गेलात की मात्रा चौथाईवर येते. लांब पाइपाच्या बाबतीत निम्म्यावर येते, पण निम्म्यावर आणायला अडुसष्ट किलो शिसं लागत होतं हे विसरू नका. तेच काम इथे दीड फूट लांबीची दांडी करते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रंगीत तालीम. किरणोत्सार नसलेल्या शेडमध्ये तशाच पाइपाचा नमुना उभारायचा आणि नट कुठे आहे, हात कुठून जाईल, वेल्डिंगची केबल कुठे अडकते, हे वेल्डरने दहा वेळा करून बघायचं. मग आत गेल्यावर तासाचं काम चाळीस मिनिटांत होतं. एवढी बचत बावीस किलोंच्या जाकिटाला कधीच जमणार नाही.

मग जाकीट माळ्यावर टाकून द्यायचं का? नाही. इथे मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे, कारण त्यात खरोखर तथ्य आहे. फुकुशिमानंतर एका इस्रायली कंपनीने धड झाकण्याचा नाद सोडून फक्त कमरेभोवती बसणारा जाड पट्टा तयार केला. त्यामागचा विचार मला फार आवडला. प्रौढ माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या सक्रिय अस्थिमज्जेचा जवळजवळ निम्मा भाग ओटीपोटाच्या हाडांत आणि कंबरेच्या मणक्यांत असतो. अपघातात प्रचंड मात्रा मिळालेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत मरतो, तो बहुतेकदा मज्जा नष्ट होऊन रक्तपेशी तयार होणं थांबल्यामुळे. त्या मज्जेचा थोडा भाग जरी जिवंत राहिला तरी तो पुन्हा वाढू शकतो. मग मर्यादित वजनात सगळं शरीर थोडं थोडं झाकण्यापेक्षा तेवढाच भाग नीट झाकावा, हा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे. अंतराळातही या विचाराची परीक्षा झाली. त्याच कंपनीने बनवलेलं जाकीट २०२२च्या आर्टेमिस-१ मोहिमेत दोन पुतळ्यांपैकी एकाला घालून चंद्रापर्यंत नेलं गेलं. तिथे वजनाचा त्रास नसतो आणि सूर्याच्या उद्रेकापासून दूर पळायलाही जागा नसते, त्यामुळे तिथे ते शोभतं.

अपघातात जीव वाचवायला आत शिरणाऱ्या बचाव पथकाच्या कपाटात असे पट्टे असावेत, असं माझं मत आहे. केंद्रात असावेत, आणि केंद्राबाहेरच्या जिल्हा अग्निशमन दलाकडेही असावेत. पण ज्या दिवशी तो पट्टा रोजच्या शटडाऊनच्या कामाला आला, त्या दिवशी कुठेतरी कोणीतरी नियोजनात हार मानली आहे असं समजावं.

मला भीती आहे ती पट्ट्याच्या आडून होणाऱ्या हिशेबाची. माझ्या क्षेत्रातला नियम असा, की अंगाला मिळालेली मात्रा मोजणारा बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. अणुवीज केंद्रात जाकीट आलं की पहिला प्रश्न हाच: बॅज आत की बाहेर? आत लावला तर नोंद कमी दिसेल, पण डोळे, मेंदू, हात, मांड्या यांना मिळालेली मात्रा कागदावर येणारच नाही. बाहेर लावला तर जाकिटाचा फायदा दिसणार नाही, आणि मग व्यवस्थापन म्हणेल की एवढा खर्च कशाला केला. नीट करायचं तर दोन बॅज हवेत, एक आत आणि एक बाहेर, आणि दोन्हींचा मेळ घालणारा जाणकार हवा. जिथे ठेकेदाराला माणसं कमी पडत असतात, तिथे बॅज आत जाईल. आकडा कमी आला की तोच वेल्डर आणखी चार दिवस वापरता येतो. भारतात किरणोत्सारी कामाची मर्यादा कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आणि सलग पाच वर्षांत मिळून १०० आहे. जगात अनेक ठिकाणी वर्षाला ५० चालतात, त्या मानाने आपला नियम कडक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण कडक मर्यादेचा अर्थ असाही होतो की माणसं लवकर 'भरतात', आणि भरलेला माणूस ठेकेदाराला परवडत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. फुकुशिमात डिसेंबर २०११मध्ये एका उपठेकेदाराच्या अधिकाऱ्याने आपल्या कामगारांना मीटरवर शिशाचं आवरण घालायला लावलं, जेणेकरून आकडा कमी येईल आणि माणसं जास्त दिवस कामाला लावता येतील. २०१२च्या जुलैमध्ये ते बाहेर आलं. शिसं तिथेही होतं. फक्त ते माणसाला झाकत नव्हतं, मीटरला झाकत होतं. ही बातमी वाचल्यापासून 'संरक्षक आवरण' हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, कशाचं संरक्षण?

आपल्याकडचं उदाहरणही द्यायला हवं. जानेवारी २००३मध्ये कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात एक व्हॉल्व्ह निकामी झाला आणि जास्त किरणोत्सारी द्रव कमी किरणोत्सारी द्रवाच्या टाकीत उतरला. त्या टाकीतला नमुना घ्यायला गेलेल्या कामगारांना काहीच कल्पना नव्हती. त्या जागी किरणोत्सार दाखवणारा मीटर बसवलेलाच नव्हता. सहा जणांना वर्षभराच्या मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा मिळाली. भिंतीवर एक मीटर आणि एक भोंगा असता तर ते दारातूनच मागे फिरले असते. जाकिटं घालून ते गेले असते, तर थोडी कमी मात्रा घेऊन तेवढ्याच अजाणपणे तिथे उभे राहिले असते.

रुग्णालयांच्या जगात एक मोठा बदल झाला तो इथे सांगण्यासारखा आहे. पिढ्यान् पिढ्या आम्ही रुग्णाच्या जननांगांवर शिशाचा तुकडा ठेवत आलो. २०१९मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ही सवय सोडा. कारण, तुकडा थोडा जरी सरकून फोटोच्या चौकटीत आला की मशिन आपोआप मात्रा वाढवतं किंवा फोटो पुन्हा काढावा लागतो, आणि फायदा नगण्य. मला ते मानायला वेळ लागला. रुग्णाच्या आईला त्या तुकड्याने किती बरं वाटायचं, हे मी रोज पाहत होते. पण बरं वाटणं आणि बरं असणं वेगळं. अणुवीज केंद्रातल्या कामगारालाही जाकिटाने बरं वाटेल. जाकीट घातलेला माणूस दोन मिनिटं जास्त थांबेल, आणि त्याचा मुकादम त्याला चार मिनिटं जास्त थांबवेल.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९च्या आहेत. इतक्या जुन्या यंत्रांचं आयुष्य वाढवायचं तर पाइप कापावे लागतात, नवे जोडावे लागतात, आणि ते काम यंत्रमानव नव्हे, माणसंच करतात. रत्नागिरीत जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव वर्षानुवर्षं उभा आहे. केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं लक्ष्य जाहीर केलं आणि खासगी भागीदारीसाठी कायदे बदलण्याचंही सांगितलं. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. क्ष-किरणांवर ज्या बाईचं घर चाललं तिने किरणोत्साराचं नाव काढताच कानावर हात ठेवणं बरोबर नाही. पण केंद्रं वाढली की शटडाऊन वाढतील आणि त्या मुलासारखी मुलं वाढतील. पालघर, रत्नागिरी, कारवारमधली, काही बिहार-ओडिशातून आलेली. सहा महिने इथे, चार महिने तिथे. त्यांच्यासाठी आज काय मागायचं, याची यादी आपण चुकीची केली तर त्यांना जाकिटं मिळतील, फोटो छापून येतील आणि विषय मिटेल.

मी त्या मुलासाठी मागेन ती वस्तू अंगात घालायची नाही, खिशात ठेवायची आहे. जपानमध्ये अणुकेंद्रांत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराचं एक छोटं पुस्तक असतं, बँकेच्या पासबुकासारखं. कुठल्या केंद्रात, कुठल्या तारखांना, किती मात्रा मिळाली, हे त्यात लिहिलं जातं आणि तीच नोंद एका मध्यवर्ती संस्थेकडेही राहते. ती व्यवस्थाही अपुरी पडते, मालक ती पुस्तकं आपल्याकडे ठेवून घेतात अशा तक्रारी तिथेही झाल्या आहेत. तरीही ऑक्टोबर २०१५मध्ये जपान सरकारने फुकुशिमात काम केलेल्या एका कामगाराचा रक्ताचा कर्करोग पहिल्यांदा कामाशी संबंधित मानून त्याला भरपाई मंजूर केली, तेव्हा त्याच्या नावावर १९.८ मिलिसिव्हर्ट होते. आकडा मोठा नव्हता. पण तो लिहिलेला होता, आणि तिथला नियम असा की कामाच्या प्रत्येक वर्षामागे पाच मिलिसिव्हर्टच्या हिशेबाने मात्रा भरली तर दावा ग्राह्य धरता येतो. लिहिलेला आकडाच नसता तर त्या माणसाने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं होतं?

आपल्याकडे नोंद होत नाही असं मुळीच नाही. मध्यवर्ती नोंदवही आहे, बॅज तपासले जातात. २००४च्या किरणोत्सार संरक्षण नियमांमध्ये कामगाराने मागितल्यास आणि नोकरी संपताना त्याच्या मात्रेची नोंद त्याला द्यावी अशी तरतूदही आहे. पण मी स्वतः अठ्ठावीस वर्षं तिमाहीला बॅज जमा केला आणि माझा आकडा मला दिसला तो कार्यालयातल्या रजिस्टरवर सही करताना. मी कायम नोकरीत होते, शिकलेली होते, आकडा वाचता येत होता. ठेकेदाराने सहा महिन्यांसाठी आणलेला, दुसऱ्या राज्यातला वेल्डर तो आकडा मागायला कुणाकडे जाणार? ती नोंद मागायची वेळच त्याच्यावर येता कामा नये. शेवटच्या दिवशी हिशेबाच्या पैशांबरोबर त्याच्या हातात, त्याच्या भाषेत लिहिलेलं पुस्तक पडलं पाहिजे. त्यात बाहेरून मिळालेली मात्रा वेगळी, लघवीच्या आणि पूर्ण शरीराच्या तपासणीतून दिसलेली आतली मात्रा वेगळी, असं लिहिलेलं असलं पाहिजे. आत शिरताना त्याच्या गळ्यात वाजणारा मीटर असला पाहिजे आणि तो वाजला की मुकादमाला न विचारता बाहेर पडायचा अधिकार त्याला असला पाहिजे. त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही, हे ठेकेदाराच्या करारात लिहून घेतलं पाहिजे. नाहीतर तो बाहेर पडणार नाही. आणि कामाच्या निविदेतच असं कलम हवं, की कोणत्या पाइपावर किती शिसं लावणार आणि कामाची तालीम किती तास घेणार हे आधी सांगा, मग दर भरा.

तो मुलगा फोटोचं पाकीट घेऊन निघाला, तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "तुझ्या बॅजचा आकडा किती आला मागच्या वेळी?" तो म्हणाला, "आकडा सुपरवायझरकडे असतो, मॅडम."